चाळीसवर सा, साठवर पंचम

जुन्या जीपला नवा आवाज लागला की मालकाला तो सगळ्यांत शेवटी ऐकू येतो. एक तर त्याच्या कानाशी इंजिन धडधडत असतं. दुसरं म्हणजे, जिच्यावर आत्ताच पैसे घातले ती पुन्हा बिघडली, हे ऐकायची कोणाची तयारी असते? आवाज धरतो तो मागच्या आडव्या बाकावरचा माणूस. त्याच्या बुडाखाली हातभर अंतरावर गाडीचा मागचा ॲक्सल फिरत असतो, त्यामुळे आवाज त्याला आधी बुडाला कळतो आणि मग कानाला. परभणी आणि पूर्णा यांच्या मधल्या पिंगळीत अशी जीप येऊन थांबली की माणसं उतरायच्या आधी बातमी उतरते. "गुरुजी, मागून कायतरी वरडायलंय बरं का."

गुरुजी म्हणजे मालक. शाळेतून निवृत्त, जीपमधून नाही. गावात जुनी जीप बाळगणारे दोन जातींचे असतात. एकांचं तिच्यावाचून खरोखरच अडतं. दुसऱ्यांना वाटतं, ती विकली तर घरची माणसं पेढे वाटतील. ते पेढे खाणं जिवावर येतं, म्हणून ते ती ठेवून घेतात. गुरुजी या दुसऱ्या जातीतले.

चहाच्या टपरीसमोर गाडी उभी राहिली की निदानाला सुरुवात होते. ताप आलेल्या माणसाला निदान एकच डॉक्टर तपासतो, जीपला अख्खी टपरी तपासते. बैलगाडीत हयात घालवलेले आजोबा लांबूनच सांगतात, "वंगण आटलं असंल." सगळे हसतात. ट्रॅक्टरवाला म्हणतो, "क्राऊन गेला." ट्रॅक्टरवाल्याच्या लेखी काहीही गेलं तरी क्राऊनच जातो, परीक्षेतल्या पोराच्या लेखी पेपर अवघड जातो तसा. मोबाईलच्या दुकानातला पोरगा आवाज रेकॉर्ड करून आणतो आणि मोठ्यानं वाजवून दाखवतो. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, त्यामुळे रेकॉर्डिंगमधली जीप डासासारखी गुणगुणते आणि डासाचा मागचा ॲक्सल काढायचा सल्ला अजून तरी कोणी देत नाही.

एकटे भजनी मंडळाचे पेटीवाले काही बोलत नाहीत. ते मागच्या बाकावरून आलेले असतात. चहाचा घोट घेऊन ते एवढंच म्हणतात, "पांढरी सहा."

मराठी माणूस आवाजाच्या बाबतीत श्रीमंत आहे, हे इथं कबूल करायला हवं. घरघर वेगळी आणि गुरगुर वेगळी. खडखड, कडकड, कटकट, टकटक, करकर, कुरकुर, खरखर, घुंईई... यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक वेगळा सुटा भाग आहे. जात्यासारखी संथ घरघर असेल तर बेअरिंग. गाडी पुढं-मागं घेताना 'टण्ण' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला, नाहीतर दात्यांमधला खेळ वाढलेला. वळणावरच कटकट होत असेल तर डिफरन्शियलच्या पोटातले छोटे दाते किंवा त्यांच्या मागचे वॉशर. आणि विहिरीवरच्या मोटारीसारखी एकसुरी घुंईई असेल, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी आणि सोडला की विरणारी, तर ते क्राऊन-पिनियनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचं गाणं. फक्त यातला कोणता आवाज नेमका येतोय, यावर टपरीचं एकमत झाल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

पेटीवाल्यांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हे. विलिस जीपच्या नागरी घराण्यात, १९४५ च्या सीजे-२ए पासून १९५३ च्या सीजे-३बी पर्यंत, मागच्या क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. हीच सीजे-३बी पुढं महिंद्रांनी आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली आणि गुरुजींची जीप त्याच वंशवेलीवरची. ताशी ४० किलोमीटरला सोळा इंची रिमवरचं जीपचं चाक सेकंदाला सुमारे पाच फेरे घेतं. क्राऊन चाकाबरोबरच फिरतो, म्हणून पाच फेरे गुणिले ४३ दाते म्हणजे दात्याला दाता सेकंदाला साधारण २१७ वेळा भिडतो. पेटीवरची पांढरी सहा २२० कंपनांची. तीन कंपनांचा फरक जीपच्या स्पीडोमीटरला माफ आहे, तो एरवी याहून मोठ्या थापा मारतो.

एकदा चाळीसला सा धरला की पुढचं गणित आपोआप सुटतं, कारण सूर आणि वेग दोन्ही एकाच प्रमाणात चढतात. पंचाहत्तरला निषाद लागतो, पण त्याच्या आधीच मागचे लोक रामनाम घेऊ लागतात, म्हणून खालूनच मोजावं. पंचेचाळीसला रे. पन्नासला शुद्ध गंधार, अगदी तंबोऱ्यातून निघतो तसा. त्रेपन्नच्या किंचित पुढं मध्यम. साठला पंचम. ऐंशीला वरचा सा लागायला हवा, पण तो या जीपनं आजवर लावलेला नाही आणि गुरुजींच्या घरच्यांची तशी इच्छाही नाही.

गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड. तिथल्या उस्तादला टपरीचा अहवाल सादर होतो आणि उस्ताद तो ऐकूनही घेतो, कारण गिऱ्हाईकाचं ऐकून घेणं हा मजुरीचाच भाग आहे. मग तो म्हणतो, "चलो, एक चक्कर मारते."

हा फेरा बघण्यासारखा असतो. उस्ताद चालवत नाही. तो मागं बसतो आणि हाताखालच्या छोटूला पुढं बसवून गुरुजींना हुकूम देतो. चाळीसला आणा. दाबा. सोडा. आता न्यूट्रल. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नव्हे. मग डांबर सोडून थोडं मातीवर घ्या. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर दोष टायरच्या नक्षीचा, आणि तेवढ्यासाठी ॲक्सल उघडणाऱ्या मिस्त्र्याला गिऱ्हाईक जन्मभर विसरत नाही. मग गाडी हलकेच डावीकडं झुकवा, उजवीकडं झुकवा. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो आणि घरघर वाढली तर उजव्या चाकाचं बेअरिंग बोलतंय. शेवटी अगदी चालीच्या वेगात. तुटका दाता असेल तर इथं सापडतो. क्राऊनचा तुटका असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला एकच ठोका, पिनियनचा असेल तर पाच-साडेपाच. गुरुजींच्या खिशात अजून खडू असतो. टायरवर खूण करून छोटू शेजारून पळत मोजतो. ठोका नाही. फक्त घुंईई, दाबल्यावर. सोडलं की गप्प.

"दबाए तो गाती, छोडे तो चुप," उस्ताद उतरता उतरता म्हणतो. "पिनियन घिसा है. पन वो अकेला नै बिगडता गुरुजी, कोई बिगाडता उसकू."

शेडमध्ये मागची दोन्ही चाकं उचलून घोडीवर घेतली जातात आणि इंजिन गिअरमध्ये टाकून फिरवलं जातं. उस्ताद लांब पेचकसाचं टोक हाऊसिंगला लावतो आणि लाकडी मूठ कानात खुपसतो. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची गुंडाळी करून पेशंटच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. उस्तादला लाएनेक माहीत नाही. पण दोघांचा मुद्दा एकच आहे: लोखंड असो की छाती, आवाज सगळीकडं पसरतो, म्हणून जिथून ऐकू येतो तिथूनच निघतो असं धरू नये. मागच्या बाकावर ऐकू येणारा सूर चेसीतून फिरत पुढच्या सीटखालीही वाजतो, आणि म्हणूनच आजवर कित्येकांनी आधी गिअरबॉक्स उघडून घेतला आहे.

पेचकस बेअरिंगच्या घरापाशी फिरत फिरत पिनियनच्या तोंडाशी थांबतो. तिथं जात्याची बारीक घरघर आहे. म्हणजे गाण्याला साथसुद्धा आहे.

या यंत्राचं मूळ दुखणं समजून घ्यायला पिंगळीकराला इंजिनिअरिंग कॉलेजात जायची गरज नाही. खळ्यावर मळणी बघितलेली असली की झालं. तिवड्याला बांधलेल्या बैलांच्या पातीत आतला बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि बाहेरचा बिचारा कोसभर चालतो. सगळे एका दोरीत, पण प्रत्येकाची चाल वेगळी. गाडी वळते तेव्हा मागच्या दोन चाकांचंही हेच होतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला गच्च बसवली तर वळणावर एक चाक घासत जाणार. एकोणिसाव्या शतकात ऑनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली, आणि त्या तोडग्यालाच आपण डिफरन्शियल म्हणतो. बैलगाडीला त्याची गरजच नव्हती, कारण तिचा आस फिरत नाही, चाकं त्याच्याभोवती आपापली सुटी फिरतात. आणि पिंगळी स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या रेल्वेला तर डिफरन्शियल नसतंच. तिची दोन्ही चाकं एकाच दांड्याला ठोकलेली असतात, पण कडेला किंचित निमुळती. वळणावर डबा बाहेर सरकला की बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालतं आणि आतलं बारीक भागावर. हिशेब बसतो.

डिफरन्शियलचा स्वभाव समजायला मात्र पावसाळा लागतो. परभणीची काळी जमीन ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते. अशा मातीत एक चाक फसलं की डिफरन्शियल सगळे फेरे त्याच फसलेल्या चाकाला देतं. ते चाक पंख्यासारखं फिरून लोकांच्या धोतरांवर चिखल उडवतं, आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक पाहुण्यासारखं उभं राहून बघत असतं. दोघांच्या वाट्याला जोर सारखाच येतो, आणि चिखलातला जितका जोर धरू शकेल तितकाच दुसऱ्याला मिळतो. वाटण्या न झालेल्या भावकीत याहून वेगळं काही घडत नाही.

आता ॲक्सल उघडायला चाकाचं हब काढायचं. इथून पुढचे काही तास गॅरेजात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

या घराण्याच्या ॲक्सलचं शेवटचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब चावीनं बसवलेलं असतं आणि वरून नट आवळलेला. वर्षानुवर्षं आवळून आवळून दोन्ही लोखंडं अशी एकजीव होतात की साधा पुलर लावला तर पुलरच वाकतो. उस्ताद जाडजूड पुलर लावतो, त्याच्या बोल्टावर पाईप चढवून छोटूला लोंबकळायला लावतो आणि मग हातोड्याचा एक दणका. काही नाही. पुन्हा आवळा. दणका. काही नाही. मग तो जे करतो त्याला अनुभव म्हणतात: शाफ्टचा नट दोन आटे ढिला करून टोकावर तसाच ठेवतो, पुलर ताणलेला सोडतो, हात पुसतो आणि घरी जायला निघतो.

"आणि आता?" गुरुजी विचारतात.

"अब वो खुद बोलेगा."

मध्यरात्री शेडमधून बंदूक उडाल्यासारखा धडाका होतो. कुत्री भुंकतात. पलीकडच्या वस्तीवर दिवे लागतात. हब सुटलेलं असतं आणि तो ढिला नट नसता तर ते शेडबाहेर सापडलं असतं.

सकाळी हाऊसिंगचं झाकण उघडतं. तेल निथळायला बूच काढावं तर खाली डब्यात पडतो जेमतेम पेलाभर काळा रस, गंधकाचा उग्र वास मारणारा. वास ठीकच आहे, नव्वद नंबरच्या तेलाला तो असतोच. मागच्या शतकात विशीच्या दशकात अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्यानं हायपॉइड नावाचे दाते काढले. त्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो. पॅकार्ड मोटारींनी १९२७ च्या मॉडेलांत ते घातले आणि गाड्या बुटक्या, गुपचूप झाल्या. पण हे दाते एकमेकांवर नुसते गरगरत नाहीत, सरपटतात. साधं तेल त्या सरपटण्यात चिरडून जातं. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची औषधं. त्याच ग्लीसन घराण्यातली केट ग्लीसन देशोदेशी हिंडून दाते कापायची यंत्रं विकायची. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेची ती पहिली पूर्ण सभासद स्त्री झाली. आपल्याकडं अजून गॅरेजात बाई आली की तिला आधी बसायला खुर्ची देतात आणि मग विचारतात, गाडी कोण चालवतं.

बेअरिंगांची कथा तर परभणीच्या अभिमानाचा विषय व्हायला हवी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं इथला माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, पण पुरावा विचारला की विषय बदलतो. पुरावा या हाऊसिंगमध्येच आहे. पिनियनला आडवे आणि उभे दोन्ही धक्के सोसावे लागतात, म्हणून तिथं निमुळत्या रोलरांची बेअरिंगं लागतात. त्यांचं पेटंट १८९८ साली घेणाऱ्यांपैकी एक हेन्री टिमकन. अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बांधणारा, जन्मानं जर्मन. म्हणजे जर्मनी पिंगळीत आधीच आलेली आहे, फक्त तेलात बुडालेली. किंवा या जीपच्या बाबतीत, न बुडालेली.

तेल गेलं कुठं? उस्ताद हाऊसिंगच्या वरच्या बाजूला बोट फिरवतो. तिथं करंगळीच्या नखाएवढं एक टोपण असतं, ॲक्सलचं नाक. गाडी तापली की आतली हवा फुगते आणि त्या नाकातून बाहेर पडते. पिंगळीच्या काळ्या मातीनं ते नाक लिंपून टाकलेलं. हवा तापली, फुगली, वर वाट नाही, म्हणून तिनं पिनियनच्या ऑईल सीलमधून तेल बाहेर ढकललं. थेंब थेंब, दोन पावसाळे. तेल कमी, मग बेअरिंग घासलं, पिनियन जागचा हलला, दाते चुकीच्या जागी भिडायला लागले आणि पांढरी सहा लागली.

म्हणजे वंगण आटलं होतं. टपरीवरचे आजोबा बरोबर होते आणि त्यांना ते कळवायला कोणीही जात नाही.

नवी क्राऊन-पिनियन जोडीनंच घ्यावी लागते. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर जुळला नाही तर त्यांची पाठ कायमची छत्तीसच्या आकड्यासारखी. ४३ आणि ८ ही संख्याही उगीच नाही. दोघांना समान अवयव नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीनं भेटतो आणि तीच जोडी पुन्हा भेटायला क्राऊनचे आठ फेरे पूर्ण व्हावे लागतात. ४० आणि ८ असते तर तेच ते दाते जन्मभर एकमेकांच्या उरावर. गुरुजींना हे इतकं आवडतं की लसावि शिकवायला हे उदाहरण आधी का सुचलं नाही, याचं त्यांना वाईट वाटतं.

मग येतो शेंदूर.

हा विनोद नाही. दाते नीट भिडतात की नाही हे बघायला तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या दात्यांना फासतात. शेंदूर म्हणजे शिशाचं लाल भस्म, जुन्या कारखान्यांतही हाच वापरत. उस्ताद एका झाकणात तो कालवतो, छोटू ब्रशनं सात-आठ दात्यांना लावतो. क्राऊन हातानं पुढं-मागं फिरवला की जिथं पिनियन घासतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि चकाकतं लोखंड दिसतं. दात्याच्या जाड, बाहेरच्या टोकाला टाच म्हणतात आणि आतल्या बारीक टोकाला चवडा. डाग दात्याच्या बुडाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, माथ्यावर उमटला तर फार बाहेर. मग सगळं सोडवून पिनियनमागची शीम, म्हणजे पातळ चकती, बदलायची. डाग टाचेकडं गेला तर क्राऊन पिनियनच्या जवळ सरकवायचा, चवड्याकडं गेला तर लांब. पाहिजे तो डाग लांबट, दात्याच्या मधोमध. शनिवारी मारुतीला शेंदूर लावणारे गावकरी शेडबाहेर थांबून हे बघतात आणि एकजण पादत्राणं काढून आत येतो.

दात्यांमधला खेळ वर्तमानपत्राच्या दोन पानांच्या जाडीएवढा, म्हणजे मिलिमीटरचा सातवा-आठवा भाग. त्याहून कमी ठेवला तर दाते तापून एकमेकांना खातात, जास्त ठेवला तर टण्णकन आदळतात. डायल गेज लावलेला असतो, पण उस्ताद आधी क्राऊन बोटांनी हलवून आकडा सांगतो आणि मग गेजला खरं बोलायची संधी देतो.

एक सोपा मार्गही असतो आणि तो सांगणारा कोणीतरी हटकून भेटतो: हाऊसिंगमध्ये लाकडाचा भुसा घाला, आवाज बसतो. बसतोही, गाडी विकेपर्यंत. रोआल्ड डालच्या १९८८ सालच्या 'मटिल्डा' कादंबरीतला जुन्या गाड्यांचा लबाड दलाल हेच गिअरबॉक्समध्ये करतो. गुरुजींनी जीप विकायची नाहीच असं ठरवलेलं असल्यामुळे त्यांना ही सोय नाही.

नवं बेअरिंग, नवं सील, नवी जोडी, नाक साफ, नव्वद नंबरचं तेल भरायच्या बुचापर्यंत. नव्या दात्यांना पहिल्यांदा हळू चालवून थंड होऊ द्यावं लागतं, म्हणून जीप दोन दिवस नवरीच्या चालीनं फिरते. तिसऱ्या दिवशी भजनी मंडळाला गंगाखेडला, जनाबाईच्या गावी, जायचं असतं. पेटीवाले मागच्या बाकावर आपल्या ठरलेल्या जागी बसतात. पिंगळी मागं पडते. काटा चाळिसावर येतो. ते सीटच्या पत्र्याला कान लावतात. काटा पंचेचाळिसावर जातो. पन्नासावर. साठावर.

"गुरुजी," ते पुढं वाकून म्हणतात, "पेटी घरीच ठेवून आलोय की मी. आता गंगाखेडपर्यंत सूर कोण धरणार?"